पहाटेचा रस्ता कुणाचा?

मुंबई कधी झोपत नाही, असे म्हणायची पद्धत आहे. असे म्हणणारी मंडळी पहाटे साडेचारला स्वतः झोपलेली असावीत. मुंबई झोपते. फार वेळ नाही, पण झोपते. शेवटची लोकल कारशेडला गेली की पहिली लोकल सुटेपर्यंतचे दोन-अडीच तास हे शहर डोळा लावते. सिग्नलचे लाल-हिरवे दिवे थांबतात आणि पिवळा दिवा नुसता उघडझाप करीत राहतो. टॅक्सीवाला मागच्या सीटवर पाय दुमडून पडलेला असतो. दिवसभर ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तो रस्ता एवढा रुंद आहे हे त्याच वेळी कळते.

ही मुंबई मी गेली बारा-तेरा वर्षे पाहत आलो आहे. सोमवार ते शुक्रवार मी एका कचेरीत कारकुनी करतो. शनिवारची रात्र मात्र परळची. आमच्या विहारातली आम्ही सात-आठ मंडळी पाळीपाळीने रुग्णसेवेला जातो. परळ म्हणजे इस्पितळांचे गाव. केईएम १९२६ पासूनचे, टाटा १९४१ पासूनचे, शेजारी वाडिया. जालना, बुलढाणा, नांदेडपासून थेट बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण इथे येतात. त्यांच्या नातेवाइकांना केसपेपर कुठे काढायचा, रक्तपेढीत डोनर कसा न्यायचा, कोणत्या योजनेला कोणता दाखला लागतो, हे काही ठाऊक नसते. आम्ही ते सांगतो, अर्ज भरून देतो. ज्याच्या सोबत एकच माणूस आहे, त्याच्या उशाशी दोन-तीन तास बसतो, म्हणजे त्या माणसाला पाठ टेकता येते. यात मोठेपणाचे काही नाही. गावाहून आलेल्या आपल्या माणसाला शहरातल्या माणसाने हात द्यावा, एवढाच तो भाग आहे.

पहाटे साडेचारच्या सुमारास मी निघतो. परळहून चेंबूरला. दिवसा या अंतराला तास-सव्वा तास लागतो, रविवारच्या पहाटे स्कूटरवर पंचवीस मिनिटे पुरतात. रात्रभर नाकात बसलेला फिनाईलचा वास हिंदमाता येईपर्यंत वाऱ्याने निघून जातो. थंडीच्या दिवसांत कानाला मफलर बांधावा लागतो. डोक्यात रात्रीचे रुग्ण घोळत असतात. कुणाचे ऑपरेशन सोमवारी, कुणाला दोन बाटल्या रक्त हवे, कुणाला घरी न्या म्हणून सांगितले आहे. दिवसाच्या गोंगाटात असा विचार नीट होत नाही. तेव्हा ती पंचवीस मिनिटे मला फार मोलाची वाटतात.

ज्या रस्त्याने मी येतो त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. परळच्या ज्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे बरीच वर्षे बिऱ्हाड होते, ती याच भागात. दोन खोल्या, माणसांचा राबता आणि चाळीचा गलका. चाळ झोपली की त्यांचा अभ्यास सुरू व्हायचा. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, तेही या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर.

या रस्त्याच्या एका पहाटेची हकिकत माझ्या आजोबांनी मला सांगितली होती. आजोबा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायचे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईत आले, ते ७ तारखेच्या पहाटे सांताक्रूझ विमानतळावर. तिथून राजगृहावर आणले. आजोबा रात्रभर राजगृहाच्या रस्त्यावर उभे होते. ते सांगायचे, इतकी माणसे मी जन्मात पाहिली नव्हती आणि इतकी शांतताही. कुणी कुणाशी बोलत नव्हते. थंडीत अंगावर एका धोतराशिवाय काही नसलेली माणसे उभी होती आणि कुणी बसत नव्हते. त्या संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर काय जनसागर लोटला ते सगळे जग जाणते. पण आजोबा संध्याकाळपेक्षा पहाटेविषयीच अधिक बोलायचे. दादरवरून जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते, ती त्यांच्यामुळे.

पूर्वी या भागात पहाटेला असा सन्नाटा नसायचाच. गिरण्यांच्या तीन पाळ्या होत्या. रातपाळी सुटायच्या आधीच पहिल्या पाळीची माणसे डबे घेऊन निघालेली असायची. घड्याळ नसलेल्या घराला भोंगा वेळ सांगायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आले नाही. माझे वडील त्यांतलेच एक. तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. आज त्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. चित्रा टॉकीजही २०१९ साली बंद झाले. दादर टीटीला आलो की आठवते, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, पण नाव अजून टिकून आहे. आमच्या शहराचे असेच आहे, माणूस जातो आणि त्याच्या कामाचे नाव तेवढे मागे राहते.

असो. सांगायचे आहे ते रिकाम्या रस्त्याविषयी. बारा वर्षांत मला कळले ते एवढेच की हा रस्ता रिकामा नसतो. रिकामा म्हणणारे आपण गाड्या मोजतो, माणसे मोजत नाही. फुटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरलेले असतात आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरे मांडी घालून पुरवण्या आत घालीत असतात. दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलांचा बाजार या वेळी ऐन भरात असतो. तिकडून झेंडूची गाठोडी घेऊन बायका पुलावरून पूर्वेला येतात. दुधाच्या गाड्या, पावाच्या सायकली, पहिल्या बसवर जाणारे बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, टेम्पोत पाट्या घेऊन दाटीवाटीने बसलेल्या कोळणी. आणि हजेरी चौकीकडे निघालेले सफाई कामगार. शहर जागे व्हायच्या आधी शहराची तयारी करणारी ही माणसे. नवरीला सजवून मांडवात बसवावे आणि सजवणारीने मागच्या दाराने निघून जावे, तसे ते सकाळी आठ-नऊला दिसेनासे होतात.

खरा रिकामा रस्ता मी पाहिला तो २०२० साली. २२ मार्चच्या रात्री लोकल थांबली, २५ पासून देशभर टाळेबंदी. तेव्हा रुग्णसेवेचा पास होता म्हणून मला जाता येत होते. भर दुपारी दादर टीटीला कुत्रेसुद्धा गोंधळून उभे असायचे. ती शांतता झोपेची नव्हती, भीतीची होती. झोपलेल्या शहराचा श्वास ऐकू येतो, त्या शहराचा येत नव्हता. पण तेव्हाही खराट्याचा आवाज थांबला नव्हता. परिचारिका, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार रस्त्यावर होते. लोकांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. वाजवल्या ते बरेच झाले. पण टाळ्यांनी पगार वाढत नाही आणि कंत्राटी माणूस कायमही होत नाही. त्याला वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागते. मुंबईतल्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयाकडून न्याय मिळायला २०१७ साल उजाडले होते.

खराट्याच्या आवाजाविषयी मी एवढे लिहितो आहे त्याला कारण आहे. माझी आई महानगरपालिकेच्या सफाई खात्यात झाडूवाली होती. वडिलांचा संप फसला, घरात तीन मुले, आणि सातारा जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली, जेमतेम सही करता येणारी बाई. तिने खराटा हातात धरला तो निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. किंग्ज सर्कलच्या बाजूला तिचे बीट होते. सहा-साडेसहाला चौकीवर हजेरी, म्हणजे घरातून पाचला निघायचे. त्याआधी उठून आमच्या भाकऱ्या. आम्ही भावंडे उठायचो तेव्हा भाकऱ्या गरम असायच्या आणि आई नसायची. शाळेत कुणी विचारले तर आम्ही सांगायचो, आई कामावर जाते. कोणत्या कामावर, ते पुढे सांगायला तिनेच शिकवले. ती म्हणायची, “चोरी करत न्हाई मी. सांगा, म्हनावं झाडते.”

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात लाड-पागे समितीचे नाव ठाऊक असेल. या समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. मी बी.कॉम. झालो तेव्हा नोकऱ्यांची वानवा होती. आईचे गुडघे गेले होते. तिने नोकरी सोडून मला लावले असते तर पक्की नोकरी, पेन्शन, सारे काही होते. नातेवाइकांनी तिला समजावले. तिने एकच उत्तर दिले. “खराटा ही काय वतनाची जमीन हाय व्हय, पोराच्या नावावर चढवायची?” मी चार वर्षे मिळेल ते काम करीत फिरलो आणि मग कारकून झालो. ज्यांनी वारसाहक्काने नोकरी घेतली त्यांना मी मुळीच नावे ठेवत नाही. पोट प्रत्येकाला आहे आणि तो हक्क झगडून मिळवलेला आहे. पण आईने काय सोडले आणि कशासाठी सोडले, याची जाणीव मला पहाटेच्या रस्त्यावर दर रविवारी होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळतो.

माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केला. गेल्या वर्षी तिला एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी मिळाली. काम असे की, घरोघर जाऊन उपाशीपोटीचे रक्त घ्यायचे. उपाशीपोटी म्हणजे सकाळी लवकर. पहिल्या घराची घंटा सहाला वाजवायची. त्यासाठी चेंबूरहून पाचच्या सुमाराची लोकल धरायची, म्हणजे घरातून साडेचारला बाहेर.

घरात वादळ झाले. पत्नीचे म्हणणे, शिकवले ते अंधारात एकटी पाठवायला नव्हे. दुसरी नोकरी बघ, दहा ते पाचची. शेजारणी म्हणाल्या, दिवस किती वाईट आलेत, पेपर वाचता ना? माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे, रोज तू सोडायला जा. मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही रोज किती दिवस याल? आणि तुम्ही आजारी पडलात तर मी सुट्टी घ्यायची का?”

मी गप्प होतो. रविवारच्या पहाटेविषयी मी घरी नेहमी कौतुकाने सांगायचो. किती शांत, किती मोकळे वाटते म्हणून. तीच पहाट, तोच रस्ता. मला मोकळे वाटायचे, पण तिच्या बाबतीत तेच मोकळेपण घरातल्या प्रत्येकाला धोक्याचे वाटत होते. हे कोडे डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास यवतमाळकडची एक बाई ऑपरेशनसाठी परळला आली होती. सोबत फक्त नवरा. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष थांबू शकत नाही. मी मुलीला विचारले, ती आली. रात्रभर त्या बाईजवळ बसली. पहाटे आम्ही दोघे स्कूटरवर निघालो. ती मागे बसली होती. मी म्हटले, बघ, तुला ज्या वेळी जायचे आहे ती ही वेळ. नीट बघून घे.

ती बघत होती. बोलत मात्र नव्हती. शीव आले तेव्हा म्हणाली, “तेवीस.” मी विचारले, तेवीस काय? म्हणाली, “बायका. परळपासून इथपर्यंत तेवीस दिसल्या. त्यातली एकच एकटी होती. बाकीच्या दोघी-तिघी मिळून.”

ती एकटी कोण, ते मी विचारले. म्हणाली, “किंग्ज सर्कलला झाडत होती ती.”

बारा वर्षे मी त्या रस्त्याने जातो, पण एकटी कोण आणि सोबतीने कोण, असे मोजायची गरज मला कधी पडली नव्हती. ते पुरुषाला मोजावे लागत नाही. तिला पंचवीस मिनिटांत मोजावेसे वाटले. पुढे चुनाभट्टी, सुमन नगर, चेंबूर, आम्ही काही बोललो नाही.

घरी आलो तर आई उठून बसली होती. आता सत्तरीला आली आहे, पण चारला उठायची सवय गेली नाही. मुलीने तिच्याजवळ बसून विचारले, “आजी, तुला कधी भीती नाही वाटली गं एकटीला?”

आई म्हणाली, “चौकीपत्तुर आमी चारजनी संगं जायचो. वस्तीतून निघताना एकमेकीला हाळी घालायची. म्होरं ज्येचं त्येचं बीट. तिथं एकटीच.”

“मग?”

“मग काय? हातात खराटा आसला का कुत्रं बी वाट सोडतं आन मानूस बी. पन कुत्रं खराट्याला भ्यायचं. मानूस इटाळाला.” थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “माझ्याकडं कुनी बगतच नव्हतं, पोरी. रस्त्यावरनं जानाऱ्या मानसाला मी दिसतच नव्हते. एक म्हातारा रोज फिराया यायचा. सोळा वर्सं. त्यानं माझं तोंड बघितलं नसंल. म्हनून भ्या न्हाई वाटलं.”

वाचकहो, हे ऐकून मी सुन्न झालो. माझी आई सुरक्षित होती, कारण ती कुणाला दिसत नव्हती. तिरस्काराने तिच्याभोवती जी मोकळी जागा सोडली होती, तीच तिची सुरक्षितता. ही सुरक्षितता तरी सर्वांच्या वाट्याला कुठे आली? आपल्या गावाकडच्या आयाबहिणींना विचारा. शेतात, पाणवठ्यावर त्यांच्यावर हात टाकताना कुणाला विटाळ आठवला नाही. विटाळ हा सोयीने आठवणारा आणि सोयीने विसरणारा प्रकार आहे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

मुलगी बराच वेळ आजीचा हात धरून बसली. मग म्हणाली, “मला तसं नको आजी. मी दिसले तरी मला कुणी त्रास द्यायचा नाही, असं पाहिजे.”

आई हसली. पत्नीकडे बघून म्हणाली, “जाऊ दे तिला. मी पस्तीस वर्सं आंधारात झाडाया गेले, तवा कुनी इचारलं न्हाई. पोरगी रगत तपासाया जाती म्हनताना घरात सभा भरली व्हय?”

सभा बरखास्त झाली. पण कार्यकर्त्याच्या घरात प्रश्न नुसता जाऊ दे म्हणून सुटत नाही. जाऊ द्यायचे तर कसे, हा पुढचा प्रश्न. मी कायद्याची पुस्तके काढली. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्रियांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामावर लावायला बंदी होती. हेतू संरक्षणाचा. पण संरक्षण कुणाचे झाले? कारखान्यातली जरा बऱ्या पगाराची रातपाळी बाईला बंद झाली आणि रस्त्यावरचे, इस्पितळातले, घरकामाचे अंधारातले काम तिच्याकडे होते तसेच राहिले. त्याच्यासाठी कुणाला काळजी वाटली नाही. कारखान्यांबाबतचे ते कलम मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली घटनाबाह्य ठरवले, कारण राज्यघटना स्त्री-पुरुष असा भेद करू देत नाही. पुढे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अशी तरतूद केली की, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचे तर तिची संमती हवी, तिच्या सन्मानाची व सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था हवी आणि घरापर्यंत पोचवण्याची सोयही पाहावी. म्हणजे बाईला घरी बसवा असे नाही, रस्ता नीट करा असे. घरी बसवणे सोपे असते, रस्ता नीट करायला खर्च येतो, एवढाच काय तो फरक.

मुलीने लॅबच्या व्यवस्थापनाला लेखी पत्र दिले. मालकाने आधी टोलवाटोलवी केली. म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरी मुलगी आहे. ती म्हणाली, जमते आहे म्हणूनच लिहून देते आहे. तिच्यासारख्या आणखी पाच मुली पहाटेच्या कामावर होत्या, त्यांच्याही सह्या तिने घेतल्या. एकीच्या पत्राला केराची टोपली असते, सहाजणींच्या पत्राला फाईल करावी लागते, हे कारकुनी करताना मी शिकलो आहे. शेवटी एवढे झाले की पहिले घर शक्यतो राहत्या भागाजवळचे द्यायचे, आणि स्टेशनपासून लांब जायचे असेल तर रिक्षाचे भाडे लॅब देईल. पूर्ण हक्क नव्हे, पण सुरुवात आहे.

दुसरे काम वस्तीत. विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत मुलीने प्रश्न मांडला की, आपल्या वस्तीतून पहाटे पाचच्या आत कोण कोण बाहेर पडते? हात वर झाले आणि आम्ही चकित झालो. अठरा जणी. फुलवाल्या, इस्पितळातल्या आया, दोघी सफाई कामगार, एक विमानतळावर साफसफाईला, एक पोळीभाजी केंद्रात, एक पोलीस भरतीच्या सरावाला मैदानावर जाणारी. शेजारी राहून एकमेकींना ठाऊक नव्हते. आता त्या वेळ ठरवून तिघी-चौघींच्या गटाने स्टेशनपर्यंत जातात. आईची जुनी पद्धत, एकमेकीला हाळी घालायची. हाळीच्या जागी आता मोबाईलचा मिस्ड कॉल आला. महिलांच्या डब्यात पहाटे पोलीस असतो, तो नसेल तर नोंद करून तक्रार करायची, हेही ठरले.

तिसरे काम रस्त्याचे. अठराजणींनी सांगितले की स्टेशनकडे जाताना पुलाखालचे चार दिवे बंद आहेत आणि वाटेतल्या सार्वजनिक शौचालयाला पहाटे कुलूप असते. पुरुष भिंत शोधतो, बाईने काय करायचे? मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राईट टू पी’ नावाची चळवळ चालवली ती याच प्रश्नावर. ज्यांना हा विषय लाजेचा वाटतो, त्यांनी चारला घर सोडून अकरापर्यंत पाणी न पिता काम करणाऱ्या बाईला एकदा विचारावे. मूतखड्याचे आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचे किती रुग्ण परळला येतात ते मी पाहतो. आम्ही अर्ज केला. अठरा सह्या, दिव्यांच्या खांबांचे क्रमांक, शौचालयाला कुलूप असल्याच्या वेळा तारखांनिशी.

पत्नीची काळजी संपलेली नाही, आणि संपावी असे मी म्हणतही नाही. मुलगी पहिल्या घरी पोचली की मेसेज येतो, तोवर तिचा चहा कपात तसाच असतो. माझाही असतो, मी कबूल करत नाही इतकेच. एकदा एक मोटारसायकलवाला दोन दिवस स्टेशनजवळ घुटमळत होता. तिसऱ्या दिवशी चौघींनी मिळून त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतला, त्याच्यासमोरच. तो पुन्हा दिसला नाही. धोका नाही असे कुणी म्हणू नये. पण धोक्याचा हिशेब लावून मुलीला घरात ठेवायचे, आणि तोच धोका पत्करून शेजारची बाई आपल्या घरी दूध, फुले, पेपर पोचवते तिच्याकडे बघायचेही नाही, हा कुठला न्याय?

मुलीला पहिला पगार मिळाला तेव्हा तिने आजीला बूट आणले. मऊ तळव्याचे, गुडघ्याला त्रास होणार नाही असे. आई ते घालून घरातल्या घरात फिरली आणि म्हणाली, आता कुठं जायाचं हाय मला? मुलगी म्हणाली, रविवारी माझ्याबरोबर फिरायला. नुसतं फिरायला. आईने आयुष्यात पहाटेच्या रस्त्यावर कामाशिवाय पाऊल टाकले नव्हते. आता दोघी रविवारी सकाळी मैदानापर्यंत जातात. लोक आईला नमस्कार करतात, जय भीम म्हणतात.

बंधू-भगिनींनो, माझी विनंती फार मोठी नाही. आपल्या वस्तीतून पाचच्या आत कोण बाहेर पडते, त्यांची एकदा मोजणी करा. त्यांच्या वाटेवरचे दिवे बघा, शौचालयाला कुलूप आहे का बघा, आणि त्यांना सोबत कुणाची आहे ते विचारा. हे काम पैशाचे नाही, एक वही आणि एक पेन पुरते. अर्ज करताना सह्या जास्त घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या पुलाखालचे चारही दिवे दोन महिन्यांनी लागले. शौचालय मात्र अजून सहालाच उघडते. त्यासाठी दुसरा अर्ज गेला आहे. त्यावर बावीस सह्या आहेत.